मेणबत्ती, काचपात्रातील सुगंधी

काचेच्या, क्वचित चिनीमातीच्या किंवा पत्र्याच्या पात्रात सुगंधी द्रव्य मिसळलेले मेण ओतून केलेली मेणबत्ती. बाजारात ती जार कँडल किंवा सेंटेड कँडल या नावाने मिळते. साध्या उभ्या मेणबत्तीत ज्योतीला पुरेल इतकेच मेण वितळावे लागते. जास्त वितळले तर ते ओघळून वाया जाते. पात्रातील मेणबत्तीचे गणित उलटे आहे. ओघळायला वाव नसल्यामुळे तिच्यात ज्योतीच्या गरजेहून कितीतरी अधिक मेण वितळलेले राहू शकते, आणि ते तसे राहावे यासाठीच तिची रचना केलेली असते. या मेणबत्तीत ज्योतीचे मुख्य काम उजेड देणे हे नसून मेणाचा एक रुंद, उथळ थर वितळलेला ठेवणे हे आहे. हे ध्यानात घेतले की मेणबत्ती एकसारखी का जळत नाही आणि तिचा वास का येत नाही, हे दोन वेगळे प्रश्न उरत नाहीत. वात कापणे, पुरेसा वेळ जळू देणे, वारा टाळणे अशा ज्या सूचना वेष्टनावर छापलेल्या असतात, त्याही या एकाच कारणातून निघतात.

वास ज्योतीतून येतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती टिकत नाही. वितळलेले मेण केशाकर्षणाने वातीत चढते, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅराडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर दिलेल्या मेणबत्तीवरील व्याख्यानांत हे प्रयोगाने दाखवले होते. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरून त्यांनी ही वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी पेटवली. या वाफेबरोबर वातीतून वर गेलेले सुगंधी द्रव्यही ज्योतीत जळते व त्याचे बहुतांशी कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी होते. खोलीत दरवळतो तो वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून, न जळता, उडून गेलेला अंश. मेणबत्ती वरून तापवणारे विजेचे दिवे आता मिळतात. त्यांत वात पेटवलीच जात नाही, तरी खोलीभर वास पसरतो. याहून सरळ पुरावा शोधण्याची गरज नाही. मेणात सुगंधी द्रव्य साधारणपणे वजनाच्या ६ ते १० टक्के असते. लिंबू-संत्र्याच्या वासातील लिमोनीन १७६° से.ला उकळते, तर व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलीन २८५° से.च्या आसपास. वितळलेला थर यापेक्षा बराच थंड असला तरी बाष्पीभवनाला उकळण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र हलकी द्रव्ये आधी उडतात व जड द्रव्ये मागे राहतात, म्हणून लिंबाचा वास लवकर विरतो आणि चंदन वा व्हॅनिला रेंगाळतो. उडण्याचा वेग थराचे तापमान आणि पृष्ठभागाचे क्षेत्रफळ यांवर ठरतो. त्यांपैकी क्षेत्रफळ डोळ्यांनी दिसते आणि वापरणाऱ्याच्या बऱ्याच अंशी हाती असते.

क्षेत्रफळ किती महत्त्वाचे आहे हे आकड्यांत पाहावे. आतून ७.५ सेंमी. व्यासाच्या पात्रात वातीभोवती फक्त ४ सेंमी. व्यासाचे वर्तुळ वितळत असेल, तर पाहणाऱ्याला निम्म्याहून जास्त काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून वितळलेला भाग एकूण पृष्ठभागाच्या अवघा २८ टक्के असतो. वास तेवढ्यातूनच येतो, आणि असेच चालू राहिले तर जवळजवळ तीन-चतुर्थांश मेण काचेला चिकटून वाया जाते. ज्योत खाली खाली जात मधोमध भोक पडण्याच्या या दोषाला टनेलिंग असे नाव आहे. तो उष्णतेच्या तुटीमुळे होतो हे खरे, पण ही तूट ज्योत अशक्त असल्याची नसते. अशी ज्योत तासाला सुमारे ६ ग्रॅम मेण जाळते आणि त्यातून ७० ते ७५ वॉट उष्णता देते. तीन तासांत ती जवळपास ८०० किलोजूल होते. त्याच पात्रातील १ सेंमी. जाडीचा संपूर्ण थर, म्हणजे अंदाजे ४० ग्रॅम मेण, वितळवून तापवायला १२ किलोजूल पुरतात. राहिलेली जवळजवळ सगळी उष्णता तापलेल्या हवेबरोबर वर निघून जाते, थोडी काचेतून बाहेर पडते. मेणाच्या वाट्याला मुळातच इतका लहान हिस्सा येत असल्यामुळे वाऱ्याची झुळूक, वातीची लांबी किंवा खोलीचा गारवा यांत झालेला किरकोळ फरकही थराची रुंदी बदलून टाकतो.

हा हिस्सा कडेपर्यंत पोचतो कसा, हेही पाहण्याजोगे आहे. घट्ट मेण उष्णतेचे मंदवाहक आहे. नुसत्या वहनाने वर्तुळ फार सावकाश वाढले असते. वाढीचे बरेचसे श्रेय वितळलेल्या मेणाच्या प्रवाहाला जाते. वातीजवळचे मेण जास्त तापते, तिथला पृष्ठताण कमी होतो आणि वरचा पापुद्रा कडेच्या थंड भागाकडे ओढला जातो. खालून मेण परत वातीकडे येते. काजळीचा एखादा कण थरात पडला तर तो असा फिरताना स्पष्ट दिसतो. या फिरत्या मेणाला घट्ट मेणाची कडा वितळवत बाहेर सरकायला वेळ लागतो. पात्राच्या व्यासाच्या दर इंचाला, म्हणजे अडीच सेंमी.ला, एक तास हा प्रचलित हिशेब ढोबळ असला तरी याच कारणाने बऱ्यापैकी जुळतो. साडेसात सेंमी.च्या पात्राला त्यानुसार तीन तास लागतात.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा विचार करणे भाग आहे. मेणाला स्मृती असते, पहिल्या वेळी जिथवर ते वितळले तिथवरच ते नंतर वितळते, म्हणून पहिल्यांदा पेटवताना चूक झाली तर मेणबत्ती कायमची बिघडते, असे सांगितले जाते. सूचना उपयोगी आहे, पण दिलेले कारण खरे नाही. एकदा वितळून पुन्हा गोठलेले मेण आणि कधीच न वितळलेले मेण यांचे वितलनबिंदू वेगळे नसतात. पहिल्या वेळी मेणबत्ती लवकर विझवली की मागे राहतो तो आकार: मध्ये खोलगट भाग आणि भोवती उंच कडा. पुढच्या वेळी ज्योत त्या कड्याच्या आत, खाली पेटते. तिची गरम हवा सरळ वर जाते, कड्याच्या माथ्याला जेमतेम शिवते. खळगा खोल होत गेला तर तिथे ताजी हवाही कमी पोचते, ज्योत लहान होते, वितळलेले मेण अरुंद जागेत साचून वात बुडू लागते. प्रत्येक अपुऱ्या जळण्याने पुढचे जळणे आणखी अपुरे होते, एवढाच याचा अर्थ. हा भेद केवळ शब्दांचा नाही. स्मृती असती तर उपाय नसता. दोष आकाराचा असल्यामुळे कडा वितळवला की तो नाहीसा होतो.

उलट बाजूने असाही आक्षेप येतो की पहिल्याच वेळी काचेला टेकेपर्यंत मेण वितळलेच पाहिजे हा आग्रह फाजील आहे. त्यात तथ्य आहे. मेण खाली जाते तसतशी वरची मोकळी काच ज्योतीभोवती भिंत धरते, वारा अडतो आणि काच स्वतः तापते. त्यामुळे पात्राच्या खालच्या अर्ध्या भागात तीच वात जास्त रुंद थर वितळवते. जाणकार उत्पादक म्हणूनच सुरुवातीला किंचित कमी पडेल अशी वात निवडतात, नाहीतर शेवटी काच धोकादायक तापेल. वरच्या भागात काचेला चिकटून राहिलेला पातळ, तिरकस थर पुढे आपोआप उतरतो. काळजी करावी ती बोटभर जाडीच्या, उभ्या कड्याची.

वापरणाऱ्याच्या हातात वेळेखालोखाल वात असते. समईत तेल आधीच पातळ असते, वातीने ते फक्त वर आणायचे. मेणबत्तीच्या वातीला इंधन आधी वितळवावे लागते आणि मग ओढावे लागते, म्हणून तिच्या लांबीला इथे जास्त महत्त्व आहे. दर वेळी पेटवण्याआधी, मेण थंड असताना, सुती वात ६ मिमी. ठेवून कापावी. लांब वातीची ज्योत उंच होते, पण ती उष्णता मेणाला न मिळता वर जाते. इंधन मात्र जास्त ओढले जाते, ते पुरते जळत नाही, टोकाला काजळी धरते आणि काच काळवंडते. फार आखूड कापली तर वात स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडते, आणि टनेलिंगची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते. कापलेले तुकडे मेणात राहू देऊ नयेत. मेण मऊ असतानाच कललेली वात मध्यावर आणावी. वात बाजूला सरकली की एक कड वितळते, दुसरी घट्ट राहते. पेशाने अभियंता असलेल्या काम्बासेरेस यांनी फ्रान्समध्ये १८२५ च्या सुमारास विणलेली वात आणली. ही वात जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला ऑक्सिजनमध्ये येऊन जळून जाते. तोपर्यंत वातीचे टोक सतत खुडत बसावे लागे. वात ताठ राहावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात शिशाची तार घालत. अमेरिकेने अशा वातींवर २००३ मध्ये बंदी घातली.

महाराष्ट्रातील घरांत मेणबत्ती वाकडी जळण्याचे सर्वांत मोठे कारण छताचा पंखा हे आहे. वर्षातील बहुतेक महिने तो चालू असतो आणि त्याखाली ज्योत सतत एका बाजूला झुकते. झुकलेल्या बाजूचे मेण आणि काच तापते, समोरचा कडा तसाच राहतो, थरथरत्या ज्योतीतून काजळी सुटते. मेणबत्ती मधूनमधून फिरवल्याने थोडा फरक पडतो. खरा उपाय म्हणजे तिला झोताबाहेरच्या कोपऱ्यात ठेवणे, किंवा ती जळते तेवढा वेळ पंखा बंद करणे. उकाड्यात हे जमत नसेल तर त्या दिवसांत ती न पेटवलेली बरी. उन्हाळ्यात ती ठेवण्याकडेही लक्ष द्यावे लागते. पात्रात ओतायचे मऊ मेण पुष्कळदा ४६° ते ५२° से.ला वितळते, विदर्भातील मे महिन्यात बंद मोटारीत त्याहून जास्त तापमान सहज होते.

मेणाच्या प्रकारावरून बराच वाद घातला जातो. पात्रातील सुगंधी मेणबत्त्यांचा आजचा बाजार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. पॅरिसच्या दिप्तीक या दुकानाने १९६३ मध्ये सुगंधी मेणबत्त्या विकायला सुरुवात केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील माइक किट्रिज या शाळकरी मुलाने १९६९ मध्ये घरी बनवलेल्या मेणबत्तीतून पुढे यँकी कँडल ही कंपनी झाली. तेव्हा मेण म्हणजे मुख्यत्वे खनिज तेलातून मिळणारे पॅराफिन होते. सोयाबीन तेलाचे हायड्रोजनीकरण करून केलेले मेण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आले. ते नैसर्गिक म्हणून निर्धूर जळते, असा दावा तेव्हापासून केला जातो. काजळी हा अपुऱ्या ज्वलनाचा परिणाम आहे. लांब वातीवर किंवा वाऱ्यात सोयामेणही काच काळी करते आणि नीट कापलेल्या वातीवर पॅराफिनही स्वच्छ जळते. एकसारखे जळण्याच्या बाबतीत मेणापेक्षा मेण व वात यांचा मेळ महत्त्वाचा असतो.

टनेलिंग झालेल्या मेणबत्तीवर उपाय आकाराचाच करावा. ॲल्युमिनियमची फॉइल पात्राच्या तोंडावर कडेने बसवून मध्ये हवेसाठी मोठे भोक ठेवावे आणि मेणबत्ती तासभर नजरेसमोर जळू द्यावी. वर निसटणारी उष्णता कड्याकडे वळते व तो वितळतो. हेअर ड्रायरने कडा वितळवणे हाही सोपा मार्ग आहे. वितळलेले मेण इतके झाले की वात बुडेल, तर मेणबत्ती विझवून थोडे मेण कागदाने टिपून घ्यावे. गरम मेणात पाणी कधीही घालू नये. ते उसळते आणि काच तडकते.

घरात तीन तास मेणबत्ती जळत ठेवायला कोणाला सवड असते, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर नियम शिथिल करणे हे नसून पात्र लहान घेणे हे आहे. पाच सेंमी. व्यासाचे पात्र दोन तासांत कडेपर्यंत वितळते. अर्ध्या तासापुरता वास हवा असेल त्याने वरून तापवणारा दिवा वापरावा. सलग चार तासांपेक्षा जास्त मात्र कोणतीही पेटती ठेवू नये, कारण तोवर वातीवर काजळी साचते व काच फार तापते. वास येईनासा झाला म्हणून कित्येक जण मुदत वाढवतात. पण बहुधा नाक त्या वासाला काही मिनिटांतच सरावलेले असते. खोलीबाहेर जाऊन परत यावे, मग निर्णय करावा.

इतकी निगा वापरणाऱ्याने घ्यायची म्हणजे उत्पादकाचा दोष त्याच्या माथी मारणे आहे, असेही म्हणता येईल. वातीची जाडी पात्राच्या व्यासाला कमी पडत असेल तर हे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. वात वेळच्या वेळी कापली, वारा नव्हता, तीन-चार तास दोनदा जळू दिली आणि तरीही जाड कडा उभा राहिला, तर ती मेणबत्ती सदोष आहे आणि विक्रेत्याला परत करावी. सुमारे दहा सेंमी.हून रुंद पात्रात एकच सुती वात असेल तर ती विकतच घेऊ नये; एवढ्या पृष्ठभागाला दोन किंवा तीन वाती लागतात, आणि त्या सगळ्या एकाच वेळी पेटवाव्या लागतात.