पदवीपूर्ती दर

पदवीपूर्ती दर : एका वर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी ठरावीक मुदतीत पदवी मिळविणाऱ्यांचे शेकडा प्रमाण. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांचे यश मुख्यतः याच परिमाणाने मोजले जाते. संघीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांना १९९० च्या कायद्यान्वये तो जाहीर करावा लागतो. मुदत अभ्यासक्रमाच्या नियत काळाच्या दीडपट, म्हणजे चार वर्षांच्या पदवीस सहा वर्षे धरतात. मोजणीच्या तुकडीत महाविद्यालयात प्रथमच आलेले पूर्णवेळ विद्यार्थीच असतात. मृत्यू, कायमचे अपंगत्व, सैन्यसेवा इ. कारणांनी गेलेले वगळता येतात. दोन वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठात जाऊन तेथे पदवी घेणारा मात्र पहिल्या विद्यापीठाच्या हिशेबी पदवीविनाच राहतो. नोकरी सांभाळून शिकणारे अर्धवेळ विद्यार्थी तर या तुकडीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी व अन्य संस्थांतून आलेल्यांसाठी २०१५-१६ पासून आठ वर्षांपर्यंतची निराळी पाहणी होते. टेनेसी राज्यात २०१० च्या कायद्यानंतर विद्यापीठांचे अनुदान पटसंख्येऐवजी मिळविलेले श्रेयांक, पदव्या व पदवीपूर्ती दर यांवर ठरू लागले (पहा : उच्च शिक्षण अनुदान, श्रेयांक पद्धती).