नंदुरबारचे मनसुख वाणी: झाडाच्या सालीपासून सलाइनच्या बाटलीपर्यंत

मंडळी, नांदगावहून रेल्वेनं जळगाव गाठायचं, तिथून सुरतेकडची गाडी धरायची, की नंदुरबार येतं. तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या या गावी १९२५ साली मनसुख वाणी यांचा जन्म झाला. आज कॅन्सरच्या रुग्णांना सलाइनमधून जी केमोथेरपी देतात, तिच्यातल्या दोन मोठ्या औषधांची मुळं या माणसाच्या आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांच्या कामात आहेत.

मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून वाणी अमेरिकेला गेले. १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएचडी झाली आणि त्याच वर्षी ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये वॉल यांच्याकडे रुजू झाले. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था त्या काळात हजारो वनस्पती तपासून घेत होती. कामाची रीत सांगायला सोपी होती, करायला किचकट. झाडाचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांतल्या ल्युकेमियावर वापरून बघायचा. जो भाग गुण दाखवेल तो ठेवायचा, बाकीचे सोडून द्यायचे, आणि ठेवलेल्याचे पुन्हा भाग पाडायचे. असं करत करत १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हाती आलं. १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना त्यांनी प्रसिद्ध केली. तेव्हा वाळलेल्या १२ किलो मालातून टॅक्सॉल किती निघालं होतं? अर्धा ग्रॅम!

आता कुणी म्हणेल, पदार्थ सापडला, म्हणजे औषध मिळालं. नाही, खरी कसोटी इथून पुढे सुरू झाली. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियमचा क्षार करून रुग्णांना दिला. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि सत्तरच्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. हा पदार्थ पेशीतल्या टोपोआयसोमरेज या एन्झाइमला अडवतो, हे १९८५ मध्ये कळलं. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन तयार झाली. त्यांना अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९६ मध्ये. म्हणजे तीस वर्षं गेली. टॅक्सॉललाही १९९२ उजाडावं लागलं.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही आहे. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडलं. पुढे परदेशातून मागणी आली आणि जंगलात नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. झाडाची किंमत कळली आणि झाडच संकटात आलं.

हा सगळा इतिहास सांगण्याचं कारण असं, की घरात कॅन्सर निघाला की कुणीतरी सांगतंच: अमुक सालीचा काढा द्या, सदाफुलीची पानं चावा, केमो तरी शेवटी झाडपाल्यातूनच आलीय ना? आलीय, खरंच आलीय. सदाफुलीतूनही औषधं निघाली आहेत. पण टॅक्सॉल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. काढ्यात ते येणार कुठून? सलाइनमध्ये घालायला एरंडेलापासून बनवलेलं द्रावक शोधावं लागलं. शिवाय ही सगळी विषं आहेत. थोडं कमी पडलं तर गाठ हलत नाही, थोडं जास्त झालं तर रक्तपेशी कोसळतात. म्हणून दर वेळी आधी रक्त तपासतात, वजन-उंची बघतात, मग डोस ठरवतात. पानं चावताना हा हिशोब कोण करणार? आणि काढ्यात गेलेल्या दोन-तीन महिन्यांत पहिल्या टप्प्यातली गाठ तिसऱ्या टप्प्यात जाऊ शकते.

वाणी २०२० मध्ये गेले. झाडात औषध असतं, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. ते झाडातून बाहेर काढून माणसाला सोसेल असं करायला किती जणांची किती वर्षं लागली, तेही लक्षात ठेवू या. आजोबांची बायोप्सी सांगितली असेल, तर आधी ती करून घ्या. आता प्रश्न घेऊ.