कोरा कागद, रिकामी भूमी? आफ्रिकेच्या नकाशांची कहाणी

१/ इ.स. १३७५. भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावरील एका नकाशात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस एक राजा विराजमान आहे. मस्तकी सुवर्णमुकुट, हाती सोन्याचा गोळा. पुढे १७४९ सालच्या एका फ्रेंच नकाशात मात्र याच खंडाचा मध्य व दक्षिण अंतर्भाग बव्हंशी कोरा आहे. मधल्या काळात घडले तरी काय?

२/ मध्ययुगीन नकाशाकाराचे मोठे साधन म्हणजे माणसांची साक्ष. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या पालेर्मो येथील दरबारात अल-इद्रिसी या भूगोलज्ञाने प्रवाशांकडे विचारपूस करून वर्षानुवर्षे माहिती जमवली. ११५४ मध्ये सिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ७० विभागीय नकाशे होते. त्यांत दक्षिण दिशा वर असल्याने आफ्रिका वरच्या बाजूस येते.

३/ मायोर्काचा नकाशा 'कॅटलान ॲटलास' म्हणून प्रसिद्ध आहे. तो अब्राहम क्रेस्केस या ज्यू नकाशाकाराचा मानला जातो. त्यातील राजा म्हणजे मालीचा मनसा मुसा. १३२४ मध्ये हजयात्रेस जाताना त्याने कैरोत इतके सोने वाटले की, तेथे सोन्याचा भाव उतरल्याची नोंद अरबी लेखकांनी केली. पन्नास वर्षांनी हीच कीर्ती व्यापारी मार्गांनी नकाशात पोहोचली होती. राजासमोर उंटावरील एक स्वारही रेखाटला आहे.

४/ सुमारे १४५० मध्ये व्हेनिसच्या फ्रा माउरो या मठवासी नकाशाकाराने इथिओपियाचे चित्रण तेथील धर्मगुरूंनी स्वहस्ते काढून दिलेल्या रेखाटनांच्या आधारे केले. टॉलेमीच्या भूगोलात हिंदी महासागर चहूबाजूंनी बंदिस्त होता. फ्रा माउरोने तो खुला दाखवला. वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

५/ पुढील शतकांत किनारे अचूक होत गेले. अंतर्भागात मात्र ऐकीव सरोवरे व काल्पनिक पर्वतांची गर्दी कायम राहिली. १७४९ मध्ये दांव्हिल या फ्रेंच नकाशाकाराने ही गर्दी हटवली. ज्याची खातरजमा होईना, ते त्याने वगळले. त्या कोऱ्या जागेचा अर्थ एवढाच होता : 'आम्हांस ठाऊक नाही.'

६/ ही प्रामाणिक कबुली होती. परंतु वाचणाऱ्यास 'माहीत नाही' आणि 'तेथे काहीच नाही' यांतील भेद कागदावर दिसत नाही. ज्या प्रदेशात राज्ये, बाजारपेठा व वहिवाटीच्या वाटा होत्या, तोही कागदावर निर्जन भासू लागला.

७/ चूक उलट दिशेनेही होई. जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेअर जनरल होता. १७८२ चा हिंदुस्थानचा प्रसिद्ध नकाशा त्याचाच. १७९८ मध्ये त्याने पश्चिम आफ्रिकेत 'काँग पर्वतां'ची लांबलचक रांग रेखाटली. एवढ्या मोठ्या नावाचा आधार मिळाल्यावर शंका कोण घेणार? सुमारे शतकभर नकाशांमागून नकाशांत हे पर्वत उमटत राहिले. अखेर १८८९ मध्ये फ्रेंच अधिकारी बँजे याने प्रत्यक्ष प्रवासान्ती जाहीर केले : असे पर्वत तेथे नाहीतच!

८/ तोवर बर्लिन परिषद होऊन गेली होती. १८८४-८५ मध्ये युरोपीय सत्तांनी आफ्रिकेतील ताब्याचे नियम ठरवले. त्या बैठकीत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. साम्राज्यलालसा नकाशांतून जन्मली नाही, हे खरे. पण 'मोकळी भूमी' या कल्पनेला कोऱ्या कागदाने बळ दिले, हेही तितकेच खरे. वसाहतकाळातील अनेक सीमा आजही कायम आहेत.

९/ म्हणून जुना नकाशा पाहताना 'हा किती अचूक?' एवढेच विचारून भागत नाही. माहिती कोणाकडून घेतली आणि कोणाला विचारलेच नाही, हेही पाहावे लागते. अचूकतेत कॅटलान ॲटलास दांव्हिलच्या नकाशापुढे टिकणार नाही. तरीही आफ्रिकेच्या अंतर्भागात माणसे राहतात, राज्य करतात, व्यापार करतात, हे त्यात स्पष्ट दिसते. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तो राजा आजही हाती सोन्याचा गोळा धरून बसला आहे.

#इतिहास #नकाशे #आफ्रिका