चव्हाण, यशवंतराव बळवंतराव

(१२ मार्च १९१३–२५ नोव्हेंबर १९८४). महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री व भारताचे उपपंतप्रधान. जन्म देवराष्ट्रे (सांगली जिल्हा) येथे.

१९४६ मध्ये मुंबई विधानसभेवर निवड. १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला (→ पंचायत राज्य). साखर कारखानदारीलाही या काळात सरकारी पाठबळ लाभले (→ सहकार).

चीनच्या आक्रमणानंतर कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत गेले. लोकसभेची नाशिकची जागा त्यांनी १९६३ मध्ये बिनविरोध जिंकली. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती. १९७७ मध्ये विरोधी पक्षनेतेपद आणि १९७९ मध्ये चरणसिंग मंत्रिमंडळात अल्पकाळ उपपंतप्रधानपद.

‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र.