कंपवातातला विसर आणि कॅलाबारचं बी

कंपवात झालेल्या सासऱ्यांचे हात थरथरतात, ते आपल्याला दिसतं. पण ते घरची वाट चुकतात, समोर नसलेली माणसं दिसतात म्हणतात, तेव्हा आपण म्हणतो, वय झालं.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन डॉक्टरांनी सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. काही रुग्ण तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले. बुद्धी शाबूत राहते, असं ते लिहून गेले. पुढे पॅरिसच्या शार्को यांना ते पटलं नाही, आणि तेच खरं निघालं.

औषधाची गोष्ट मात्र आफ्रिकेतली. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात चेटकाचा आरोप आला की त्या माणसाला एका वेलीच्या विषारी बिया पाण्यातून पाजत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी! 1855 साली एडिंबरोच्या क्रिस्टिसन डॉक्टरांनी ते बी स्वतःच खाऊन पाहिलं. धाडस म्हणा नाहीतर वेडेपणा. 1864 साली त्यातून फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं. मेंदूत निरोप पोचवणारं अ‍ॅसिटाइलकोलिन ते लवकर मोडू देत नाही. त्याच धर्तीवर रिव्हास्टिग्मिन आलं. 2004 साली 541 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल लागला आणि 2006 मध्ये अमेरिकेत कंपवातातल्या विसरासाठी त्याला मान्यता मिळाली. गुण बेताचाच येतो, आजार थांबत नाही. मळमळ, उलट्या होतात, थरथर वाढूही शकते.

थरथरीवरची ट्रायहेक्सिफेनिडिल ही जुनी गोळी नेमकी उलट वागते, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवू शकते. म्हणून दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. मनानं एकही बंद करू नका.