कवटी न उघडता

मेंदूला विजेने डिवचून त्याचे गुपित काढून घेण्याचा उद्योग दिल्लीला नवा नाही. १९५५ साली डॉ. बालकृष्ण आनंद व दुआ यांनी मांजरांवरील प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी तार पोहोचवून सूक्ष्म प्रवाह सोडला की मांजर खाऊ लागे. भुकेचे ठाणे मेंदूत आहे, हे डॉ. आनंद यांनी येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासमवेत १९५१ मध्येच दाखविले होते. पण तेथवर जावयाचे म्हणजे कवटीला छिद्र पाडणे आले. माणसाच्या बाबतीत वैद्याचा हात तेथे थबकावा, हेच योग्य.

१९५६ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथे आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूचे विद्युत्‌-आलेख काढले; ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. चार अंश थंड पाण्यात पाऊण तास हात बुडवूनही त्यांतील दोघांच्या आलेखातली संथ लहर मोडली नाही. कवटीला येथे धक्का लागला नव्हता. मात्र हे नुसते ऐकणे झाले. बाहेरूनच मेंदूशी बोलावे कसे?

१९८० मध्ये लंडनच्या मर्टन व मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवरून विजेचा झटका देऊन हाताचा स्नायू हलविला. प्रयोग साधला, पण वेदना फार. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी फॅरेडेच्या १८३१ च्या शोधाचाच आधार घेतला. तारेच्या वेटोळ्यातून क्षणार्धात मोठा प्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते हाडातून बिनबोभाट पार जाते आणि मेंदूच्या पृष्ठभागी आपला प्रवाह उत्पन्न करते. टक्‌ असा आवाज होतो, बोट उडते. रोग्याला फारसे दुखत नाही.

दिल्लीतील डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना हे साधन हाती येण्यापूर्वीच अभियंता आणि वैद्य यांचा संसार मांडला गेला होता. १९७१ पासून दिल्लीच्या आय.आय.टी.तील जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने उभे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येथील एका अभ्यासात अर्धांगवायूने मूठ आवळली गेलेल्या रोग्यांची बोटे व मनगट यंत्राने हलविण्यात आले. चुंबकाचे काम तेथे औषधाचे नव्हते, मापाचे होते. दुखावलेल्या भागाचा प्रतिसाद वाढला, हे त्याने दाखविले.

चुंबक स्वतः औषध ठरेल काय, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. सेकंदाला एक या गतीने ठोके दिल्यास मेंदूचा तो भाग मंदावतो, जलद दिल्यास चेततो, असा सर्वसाधारण अनुभव. निरोगी बाजू मंदावली तर दुखावलेली बाजू वर येईल, ही कल्पना मोहक खरी. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत खऱ्या ठोक्यांचे व लटक्या ठोक्यांचे रोगी सारखेच सुधारले. दोघांनाही व्यायाम मिळालाच होता. उलट, सर्वांगदुखीच्या एका जुनाट विकारावर आयुर्विज्ञान संस्थेत झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या ठोक्यांनी दुखणे अधिक कमी झाले. तेथेही काही रोगी लटक्या वेटोळ्याखाली बसले होते. आपल्या वाट्याला कोणते वेटोळे आले, हे त्यांना सांगितलेले नव्हते.