दुसऱ्याची खिडकी

परवाच्या शनिवारी आमच्या इथल्या प्रोग्रामर मंडळींची बैठक होती. बैठक म्हणजे काय, तर बाणेरला एका ओळखीच्याच्या हापिसात तीसेक डोकी, एक रुसलेला प्रोजेक्टर आणि मधोमध वडापावचं पार्सल. विषय: वेब एपीआय वापरून सॉफ्टवेअर कसं बांधावं. चांगले चांगले तांत्रिक विषय बाकीच्यांनी आधीच पळवले होते, त्यामुळे माझ्या वाट्याला आला इतिहास. वीस मिनिटं. तिथे घाईत सांगितलं ते इथे जरा ऐसपैस सांगतो.

जे आयटीत नाहीत (आहे का कोणी? :)) त्यांच्यासाठी: एपीआय म्हणजे कचेरीतली खिडकी. ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आत सरकवायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर बाहेर येतं. आत कपाटं किती, फायली कुठल्या, आपल्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. फक्त इथे रांगेत माणसांऐवजी दुसरे प्रोग्राम उभे असतात.

वेबवर अशा खिडक्या २०००च्या सुमारास उघडायला लागल्या. सेल्सफोर्स आणि ईबेची २०००मध्ये, ॲमेझॉनची २००२मध्ये. पण त्या सगळ्या धंद्याच्या खिडक्या. आमचा माल तुमच्या दुकानात मांडा, दोघांचंही भलं, छाप. खरी गंमत २००५ची.

८ फेब्रुवारी २००५ला गूगल मॅप्स आलं. आज त्याचं काही वाटत नाही, पण तोवर वेबवरच्या नकाशात बाणावर क्लिक केलं की अख्खं पान नव्याने लोड व्हायचं. हा नकाशा चक्क धरून ओढता यायचा. कारण नकाशाचे छोटे छोटे चौकोनी तुकडे जावास्क्रिप्ट मागच्या मागे आणून जोडत होती. आता जावास्क्रिप्टची मेख अशी की ती आपल्याच ब्राउझरमध्ये येऊन चालते. म्हणजे चिकाटी असेल तर वाचता येते.

पॉल रॅडमाकर तेव्हा ड्रीमवर्क्स ॲनिमेशनमध्ये प्रोग्रामर होता आणि सिलिकॉन व्हॅलीत घर शोधत होता. घरांच्या जाहिराती क्रेग्सलिस्टवर, नकाशा दुसरीकडे, आणि हातात प्रिंटाउटचा गठ्ठा. पुण्यात नव्याने नोकरीला आलेल्या कोणालाही हे दुःख वेगळं सांगायला नको. 'हायवेपासून पाच मिनिटं' हे नक्की कोणाच्या पायांनी मोजलेलं असतं देव जाणे. तर या पठ्ठ्याने गूगल मॅप्सची जावास्क्रिप्ट वाचून काढली, क्रेग्सलिस्टच्या जाहिराती उचलल्या आणि नकाशावर टाचण्यांसारख्या टोचल्या. एप्रिल २००५मध्ये हाउसिंगमॅप्स सुरू झालं. पुढच्याच महिन्यात एड्रियन होलोवाटीने शिकागो पोलिसांच्या वेबसाइटवरची गुन्ह्यांची माहिती त्याच नकाशावर मांडली. तुमच्या गल्लीत गेल्या आठवड्यात काय घडलं ते बघा!

दोघांनीही परवानगी घेतली नव्हती. घेणार कशी? नकाशाला खिडकीच नव्हती, यांनी भिंतीला भोक पाडलं होतं. गूगलला वकिलाची नोटीस धाडता आली असती. त्यांनी जून २००५मध्ये अधिकृत एपीआय जाहीर केला, आणि रॅडमाकरला पुढे नोकरीच देऊन टाकली. भोक आधी पडलं, चौकट नंतर बसली, हा क्रम मला फार आवडतो.

मग काय, लाटच आली. अशा जोडकामाला 'मॅशअप' म्हणायचे. फेब्रुवारी २००६मध्ये माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये पहिला मॅशअप कॅम्प भरला. आधी ठरवलेला कार्यक्रम नाही, जमलेल्यांनीच विषय ठरवायचे. म्हणजे आमच्या बाणेरच्या बैठकीचं खापरपणजोबा म्हणा. तिथे पॉडबॉप नावाचा मॅशअप जिंकला. शहराचं नाव टाका, तिथे लवकरच गाणार असलेल्या बँडची गाणी ऐका. बास, एवढंच. पण पाहुण्याच्या सामानावर असा स्वयंपाक करता येतो हेच तेव्हा नवं होतं.

इथवर सगळे हसत होते. पुढचा भाग कमी हसरा.

२०१२मध्ये क्रेग्सलिस्टने पॅडमॅपर या कंपनीवर दावा लावला. पॅडमॅपर काय करत होती? भाड्याच्या घरांच्या जाहिराती नकाशावर दाखवत होती! त्याच वर्षी क्रेग्सलिस्टने स्वतःचा नकाशाही आणला. ट्विटरनेही २०१२मध्येच बाहेरच्या ॲपवर एक लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली, आणि २०२३च्या जानेवारीत अशी ॲप बंदच करून टाकली. याहू पाइप्स २००७ला आलं, २०१५ला गेलं. गूगल मॅप्सने २०१८मध्ये दर बदलले आणि नकाशा लावायला क्रेडिट कार्ड जोडणं सक्तीचं केलं. यात सगळेच खलनायक नाहीत. सर्व्हरचं बिल कोणीतरी भरतच असतं. पण ज्या कंपन्या बाहेरच्या पोरांच्या फुकटच्या मेहनतीवर लोकप्रिय झाल्या त्यांनी जाताना निदान वर्षभराची मुदत द्यावी, असं माझं मत आहे.

हे मत पुस्तकी नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी गाडी किती लेट आहे ते सांगणारं ॲप केलं होतं. माहिती एका खाजगी फुकट सेवेकडून यायची. उत्तर आलं नाही तर स्क्रीन रिकामी दिसू नये म्हणून मी एक हुशारी केली होती: शेवटचं आलेलं उत्तरच पुन्हा दाखवायचं. डिसेंबरात त्या सेवेने न सांगता खिडकी लावून घेतली. मी त्या रात्री जळगावच्या गाडीत ढाराढूर. ॲप बाबांच्याही फोनवर मीच मोठ्या कौतुकाने टाकलेलं, आणि ते ठामपणे सांगत होतं, 'वेळेवर'. बाबा पहाटे चारला स्कूटरवर स्टेशनला पोचले. गाडी आली साडेसहाला. मफलर बांधून बाकावर बसले होते. म्हणाले, "तुझं ॲप तर वेळेवर म्हणत होतं रे." चिडून नाही, विचारल्यासारखं. खिडकी त्यांनी बंद केली हे खरं, पण 'वेळेवर' हे माझ्या कोडने सांगितलं होतं.

असो. बैठक संपल्यावर सेकंड इयरची एक मुलगी आली. "सर, मग दुसऱ्याचा एपीआय वापरायचा की नाही?" (सर!! म्हातारा झालो की काय.) म्हटलं, वापर की. न वापरता आज काही बांधता येतं का? पण उत्तराशेजारी ते कधी आलं ती वेळ दाखव, आणि उत्तर नसेल तेव्हा 'माहीत नाही' म्हण. तिने लॅपटॉप उघडला. प्रोजेक्ट चार एपीआयवर उभा होता. मग उरलेले वडापाव संपवत एकेक घेऊन बसलो, हा उद्या बंद झाला तर स्क्रीनवर काय दिसेल? तीन झाले. चौथा काढला तोवर वॉचमनकाका कुलूप घेऊन दारात उभे.